कडीमास्तर आणि परकी किल्ली

कडीमास्तर दार लावत तेव्हा ते लागलं आहे यावर खुद्द दाराचाही विश्वास उडत असे. आधी कडी, मग कुलूप, मग कुलपाला एक हिसका. निघून गल्लीच्या वळणापर्यंत जायचं, तिथे थबकायचं, कपाळाला आठ्या घालायच्या आणि परत येऊन आणखी एक हिसका द्यायचा. समोरच्या खिडक्यांतली माणसं हा प्रयोग रोज फुकटात बघत. म्हणूनच त्यांचं नाव पडलं कडीमास्तर. खरं नाव आता त्यांच्या थोरल्या बहिणीलाच आठवत असेल, आणि तीही रागावली तरच ते वापरायची.

धंदा कुलूप-किल्ल्यांचा. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. आत एक उंच स्टूल, लाकडी फळीवर घट्ट बसवलेला शिकंजा, कानशी, तेलाची बुधली, आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की सगळी भिंत किणकिणायची. गिऱ्हाईक कुलूप घेऊन आलं की मास्तर आधी गिऱ्हाइकाला न्याहाळत.

“हे घर तुमचंच का?”

“अहो मास्तर, मी तुमच्या शेजारी राहतो!”

“ते मला ठाऊक आहे. घर तुमचंच का, हे विचारतोय.”

असा माणूस. दूधवाल्याच्या मापावर संशय, घड्याळाच्या काट्यावर संशय, आणि कोणी दोन शब्द गोड बोललं तर त्याच्यावर सगळ्यात जास्त. पण हात मात्र सोन्याचा. त्यांनी घासलेली किल्ली कुलपात अडकत नसे. वस्तीतल्या ज्यूंच्या छोट्याशा सिनेगॉगच्या दाराची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. प्रार्थनेच्या आधी येऊन दार उघडायचं, दिवे लावायचे, सगळे गेले की बंद करायचं. तिथेही शेवटचा माणूस बाहेर पडला की बाकांखाली वाकून बघत. देवाच्या घरात कोणी लपून बसलं तर?

त्यांची बायको याच्या अगदी उलट. हसरी, मोकळी, कुणाच्याही ओट्यावर टेकून गप्पा मारणारी. “तुमच्या स्वप्नात शिरायचं तर मला आधी ओळख पटवावी लागेल,” असं ती चारचौघांत म्हणायची, आणि मास्तर लाजून कानस घासत राहायचे. तिच्यावर मात्र त्यांचा संशय नव्हता. उभ्या जगात ते एकच दार त्यांनी कधी ओढून पाहिलं नव्हतं.

ती गेली एका दुपारी, गल्लीच्या पलीकडे, पाववाल्याकडे.

पाववाला म्हणजे बेकरीचा मालक. रुंद खांद्यांचा, भुवयांवर कायम पिठाची पूड, कमी बोलणारा. लग्न केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईचं करता करता वय निघून गेलं, आणि मग आईही गेली. तोच धावत आला. “वहिनी आल्या होत्या… पाव घ्यायला. एकदम खाली बसल्या.” मास्तर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. हंबरडा फोडायच्या त्या घटकेलाही मास्तरांच्या डोक्यात एक कोपरा जागाच होता, आणि त्या कोपऱ्यातून आवाज आला: पाव तर आज सकाळीच मी स्वतः आणलाय.

दफन झालं. घरी आल्यावर तिची पर्स उघडली. रुमाल, कंगवा, खडीसाखरेची पुडी. आणि आतल्या कप्प्यात एक किल्ली.

मास्तरांनी ती उजेडात धरली. कारखान्यातून कुलपाबरोबर येते तसली, साधी पितळी. दाते वापरून गुळगुळीत झालेले. ही किल्ली त्यांच्या घराची नव्हती, दुकानाची नव्हती, कुठल्या ट्रंकेची नव्हती. कुलूपवाल्याच्या बायकोच्या पर्समध्ये नवऱ्याला ठाऊक नसलेली किल्ली! सबंध गल्लीच्या कुलपांचं पोट ज्याला माहीत, त्याच्याच घरात एक परकी किल्ली राहत होती, आणि तीही चांगली मुरलेली.

शोकाचे सात दिवस मास्तर रिवाजाप्रमाणे बुटक्या स्टुलावर बसले. आरसा झाकलेला, सदऱ्याची कड फाडलेली. लोक येत, जात. त्यांच्यात जुना नियम आहे: समाचाराला आलेल्याने आपणहून तोंड उघडायचं नाही. शोक करणारा बोलला तर आपण बोलायचं. तो गप्प राहिला तर आपणही गप्प बसायचं आणि उठून जायचं. नियम फार शहाणपणाचा आहे, कारण दुःखी माणसाला सगळ्यात जास्त छळतात ते इतरांचे शब्द. बाकीच्यांशी मास्तर काहीतरी बोलले. पण पाववाला दारात आला की त्यांचे ओठ मिटायचे.

पाववाला सातही दिवस आला. भिंतीपाशी बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवून. मास्तर त्याच्याकडे टक लावून बघायचे. मनात म्हणायचे, बोल. अपराधी माणूस फार वेळ गप्प बसू शकत नाही. पाववाला एकदोनदा मान वर करायचा, पुन्हा खाली घालायचा. जाताना रिवाजाचं सांत्वनाचं वाक्य पुटपुटायचा आणि निघून जायचा. शेवटच्या दिवशी मास्तरांनी मनात निकाल दिला: बोलला नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

तेव्हापासून किल्ली मास्तरांच्या आतल्या खिशात. कुणाच्या घरी कुलूप दुरुस्त करायला बोलावलं की घरच्यांची पाठ वळताच ते ती हळूच घालून बघत. वकिलाच्या घरी बघितली, शिंप्याच्या दुकानात बघितली, शाळेच्या कोठीतसुद्धा बघितली. एकदा शिंपी मागे वळला. “काय हो मास्तर, काम पुढच्या दाराचं ना? मग माझ्या कपाटाशी काय चाललंय?” “गंज बघतोय,” मास्तर म्हणाले. “तुमच्याकडे गंज फार आहे.” बिचाऱ्या शिंप्याने नवंकोरं कपाट तेलाने माखून ठेवलं.

एकच कुलूप त्यांनी कधी तपासलं नाही. बेकरीच्या मागच्या बोळातलं, बंद खोलीचं. त्या बोळात सारखी वर्दळ असते, असं ते स्वतःला सांगायचे. बोळात खरं तर मांजरही फिरकत नसे.

बहीण, म्हणजे अक्का, भावजय गेल्यावर मास्तरांच्या संसाराला हातभार लावायला येऊन राहिली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की समोर भट्टीतून पावाचा वास येतो आणि भाऊ तिला दोन गल्ल्या तुडवायला लावून दुसरीकडचा पाव आणायला सांगतो.

“त्याच्या पावात काय विष आहे का रे?”

“मैद्यात भेसळ आहे.”

“तुझ्या डोक्यात भेसळ आहे!”

या वर्षी शोकाचा काळ आला. पूर्वी यरुशलेमेचं पवित्र मंदिर पडलं, एकदा नव्हे दोनदा, त्याची आठवण म्हणून दर वर्षी तीन आठवडे दुखवट्याचे असतात. ना लग्न, ना गाणंबजावणं, ना नवे कपडे. दुखवटा वाढत वाढत जातो तो आव या हिब्रू महिन्याच्या नवव्या दिवशी टोकाला पोचतो. त्या दिवशी कडक उपास, जमिनीवर बसणं, आणि कुणी कुणाला नमस्कार-चमत्कारही करायचा नाही. पण त्यानंतर लगेच येणाऱ्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये सांत्वनाचे शब्द वाचले जातात, आणि असे एकूण सात शब्बाथ ते चालूच राहतात. रडायला तीन आठवडे आणि धीर द्यायला सात. जुन्या लोकांना माणसाचं मन ठाऊक होतं.

त्या पहिल्या शब्बाथचे शब्द दर वर्षी सिनेगॉगचे वाचनबुवा वाचायचे. पंचक्रोशीत असा आवाज नव्हता. पण या वर्षी बुवांचा घसा बसला तो बसलाच. अक्काने भाजी निवडता निवडता बातमी दिली.

“सांत्वनाचं वाचन आता पाववाला करणार. बुवांनीच ठरवलं.”

मास्तरांच्या हातातली कानस थांबली. “कोण?”

“पाववाला. लहानपणी शिकलाय म्हणे. आवाज भरदार आहे.”

“मला तो धीर देणार? तो?” मास्तर उठून उभे राहिले. “मग दार दुसऱ्या कुणाला तरी उघडायला सांगा. मी येणार नाही.”

“तुला एकट्याला कुठे देणार आहे? सगळ्यांना देणार आहे. त्यात तुझ्या वाट्याला चिमूटभर आलं तर घे, नाहीतर टाक. एवढं काय अंगावर घेतोस?”

मास्तर कुलूप ओढायला गेले.

नवव्या दिवसाची आदली संध्याकाळ. सिनेगॉगमध्ये पवित्र ग्रंथांच्या कपाटावरचा मखमली पडदा उतरवला होता. नाटकाच्या थिएटरात पडदा निघाल्यावर मागची उघडी भिंत दिसावी, तसं ते कपाट केविलवाणं दिसत होतं. दिवे मंद. माणसं रीतीप्रमाणे चामडं टाळून कापडी चपला घालून येत होती, कुणी कुणाकडे न बघता जमिनीवर बसत होती. मास्तरांना एरवी हा दिवस बरा वाटायचा. कुणी ‘कसे आहात’ विचारत नाही, त्यामुळे का विचारतोय याचा विचार करावा लागत नाही.

ते कोपऱ्यात भिंतीला टेकले. जागा भरत गेली आणि शेजारी कुणीतरी येऊन बसलं. पिठाचा वास आला. मास्तरांनी मान वळवली नाही.

विलापाचं वाचन सुरू झालं. विलापापुरता बुवांनीच बसका घसा ताणला, चिरक्या आवाजात, मेणबत्त्यांच्या उजेडात. उजाड झालेली नगरी विधवेसारखी बसली आहे आणि तिचे अश्रू पुसायला कोणी नाही, हे त्या विलापात पुन्हा पुन्हा येतं. मध्येच मास्तरांची मेणबत्ती विझली. पान अंधारात गेलं. शेजारचा हात सरकला आणि आपली मेणबत्ती दोघांच्या मध्ये ठेवली. मेण पाववाल्याच्या बोटांवर ओघळत होतं, पण तो हात मागे घेत नव्हता.

हा इतका चांगला का वागतोय, मास्तरांच्या मनात आलं. कशाची भरपाई करतोय?

त्या रात्री त्यांनी ठरवलं. फार झालं.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली. त्या वेळेनंतर दुखवटा जरासा सैल होतो. माणसं जमिनीवरून उठून खुर्चीवर बसतात, कपाटाचा पडदा परत चढतो, संध्याकाळी उपास सोडायची तयारी करता येते. पाववाला पीठ मळायला निघून गेलेला मास्तरांनी पाहिला. पुढचं दुकान बंद. गल्लीत शुकशुकाट. उपासाने पाय हलके झाले होते, घसा कोरडा. मास्तर बोळात शिरले.

मागचं दार हिरव्या रंगाचं, पोपडे निघालेलं. त्यांनी किल्ली काढली. किल्ली आत गेली. फिरवली. फिरली.

फिरली, आणि इतकी अलगद फिरली की मास्तरांमधला कुलूपवाला दुखऱ्या नवऱ्याच्या आधी जागा झाला. वापरात नसलेल्या खोलीचं कुलूप असं फिरत नाही. याला तेल घातलंय. नुकतंच.

दार उघडलं. लहानशी खोली. खिडकीखाली लोखंडी खाट, तिच्यावर घडी घातलेली चादर. उशाशी स्टूल, त्यावर पालथा पेला. खाटेखाली कापडी सपाता. तिच्या. डाव्या अंगठ्यापाशी त्यांनीच घातलेला टाका.

मास्तर उंबऱ्यावरच उभे राहिले. आतल्या दारात पाववाला येऊन उभा होता, कोपरापर्यंत पिठाने भरलेला. त्याने ना ‘या’ म्हटलं, ना ‘चोर’. तो गप्प उभा राहिला. अगदी तसाच, जसा शोकाच्या सात दिवसांत भिंतीपाशी बसायचा तसा. वाट बघत.

आणि मास्तरांचा बांध फुटला.

“बोल ना! इतकी वर्षं काय लपवतोयस? ती इथे का यायची?”

पाववाल्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की हातावरचं पीठ उडालं. “विचारलंत,” तो म्हणाला. “देवाशपथ, शेवटी विचारलंत. बसा आधी. कालपासून उपाशी आहात.”

“मी बसायला आलो नाही.”

“वहिनीही हेच म्हणायच्या. मग बसायच्या.” त्याने खाटेची कड झटकली. “त्यांचं हृदय कमजोर होतं मास्तर. डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाजारातून आल्या की तुमच्या घराचा चढ चढवत नसे. एकदा माझ्या दुकानासमोर धाप लागून थांबल्या. आईची खोली रिकामीच होती. मी म्हटलं, गिऱ्हाइकांमधून यायला नको, दुसरी किल्ली ठेवा. थोडं पडायच्या, पाणी प्यायच्या, मग वर घरी.”

“कुठला डॉक्टर?”

पाववाल्याने नाव सांगितलं.

“त्याचा दवाखाना कुठल्या मजल्यावर?”

“मला काय माहीत! मी गेलो होतो का?”

“चादर कोणी घडी घातली?”

“मीच. दर आठवड्याला झाडतो खोली.”

“का?”

“किल्ली तुमच्यापाशी असणार हे मला माहीत होतं. कधीतरी याल म्हटलं. तुम्ही याल आणि कुलूप अडकेल, हे काही बरं दिसलं नसतं. कुलपाला नावं ठेवली असतीत.”

मास्तरांना हसू येऊ नये म्हणून त्यांनी दात आवळले. “नवऱ्याला सांगायचं सोडून ती तुला सांगत होती, आणि मी यावर विश्वास ठेवू? का नाही सांगितलं मला?”

पाववाल्याने बोटांवरचं पीठ खरवडून काढलं. “मी त्यांना हेच विचारलं होतं. तर म्हणाल्या, माझा नवरा रोज रात्री उठतो. आधी दार ओढून बघतो. मग येऊन माझ्या तोंडापाशी कान नेतो, श्वास चालू आहे का ते ऐकायला. त्याला वाटतं मी झोपलेय. मी डोळे मिटून पडते. आत्ता निदान एकदा बघून झोपतो तरी. त्याला खरं कळलं, तर तो पुन्हा कधी झोपणारच नाही.”

मास्तरांची नजर खाटेखालच्या सपातांवर गेली.

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मास्तर हे करत होते. कुणाला कधी सांगितलं नव्हतं. अक्काला नाही, बुवांना नाही, तिला तर नाहीच. सगळ्या जगाची उलटतपासणी करणाऱ्या त्या माणसाकडे आता संशयाचा एकही प्रश्न उरला नाही. ते खाटेवर बसले.

“शेवटी काही म्हणाली?”

“म्हणाल्या, त्यांना एवढ्यात सांगू नका. विचारतील तेव्हा सांगा. मी शब्द दिला.” पाववाल्याने नाक दंडाला पुसलं, गालावर पीठ लागलं. “मला वाटलं, त्याच दिवशी विचाराल. तुम्ही! जे दूधवाल्याला दुधातलं पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारता! सात दिवस येऊन बसलो. आपण आधी बोलायचं नाही ही रीत, आणि वरून शब्द दिलेला. नंतर तुम्ही मला बघून रस्ता ओलांडायला लागलात. मग मलाच भीती वाटायला लागली. इतक्या उशिरा सांगितलं तर हा माणूस म्हणेल, गोष्ट रचलीय.”

“म्हटलंच असतं,” मास्तर म्हणाले.

दोघं बसून राहिले. मास्तर रडत होते, आवाज न करता, रडणंही कुणी ऐकू नये अशा सवयीने. पाववाला काही बोलला नाही. पण आता त्याचं गप्प बसणं ऐकायला जड नव्हतं. मळलेलं पीठ आत फुगून भांड्याबाहेर आलं तेव्हा तो धावला.

निघताना मास्तरांनी किल्ली पुढे केली. पाववाल्याने हात मागे घेतले.

“राहू द्या. तुमचंही वय झालंय. तो चढ काही कमी झालेला नाही.”

“माझ्या पायांवर संशय घेतोस?”

“तुमच्याकडूनच शिकलो.”

मास्तर बाहेर पडले, कुलूप लावलं, आणि सवयीने एक हिसका दिला. मग पुन्हा उघडून आत गेले, खाटेखालच्या सपाता छातीशी घेतल्या, आणि परत कुलूप लावलं.

संध्याकाळी अक्काने उपास सोडायला पाणी ठेवलं. मास्तरांनी कागदात गुंडाळलेला गरम पाव टेबलावर ठेवला. अक्काने कागद ओळखला, भावाचे सुजलेले डोळे पाहिले, कोपऱ्यात ठेवलेल्या सपाता पाहिल्या. ती काहीतरी विचारणार होती. मग रीत आठवून गप्प बसली.

मास्तरांनी तुकडा मोडला, चावला. “मीठ कमी आहे,” म्हणाले. आणि मग आपणहून, पहिल्या शब्दापासून, सगळं सांगायला लागले.

शब्बाथला सिनेगॉगचं दार वेळेवर उघडं होतं. पडदा पुन्हा जागेवर, सगळे दिवे लागलेले, सांत्वनाचा तो पहिला शब्बाथ. वाचनबुवा गळ्याला फडकं गुंडाळून पुढच्या बाकावर. वेळ झाली तसा पाववाला पुढे आला. स्वच्छ धुतलेला सदरा. भुवया मात्र तशाच पांढऱ्या, कारण तो पांढरेपणा आता बहुधा पिठाचा नव्हे, पिकलेल्या केसांचा होता. त्याने वाचनाआधीची प्रार्थना म्हटली. ग्रंथावर बोट ठेवलं. आणि थांबला.

सगळे वाट बघत होते. पाववाला मान वर करून मागच्या बाकाकडे बघत होता. विसरला की काय, अशी कुजबुज झाली. बुवांनी बसक्या आवाजात पहिला शब्द सुचवायचा प्रयत्न केला, तो कुणालाच ऐकू गेला नाही.

मास्तरांना कळलं तो कशासाठी थांबलाय. त्यांनी घसा खाकरला.

“अहो, वाचा की आता,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “ऐकतोय मी.”

आणि पाववाल्याने वाचायला सुरुवात केली.